नर अजून सिद्ध झालेला नाही

आमचे चंद्रपूरचे घरमालक चहा हुंगून पीत. कोणाच्याही घरचा असो, कप हातात आला की तो आधी नाकाशी जायचा. डोळे बारीक करून, श्वास ओढून, दूध नासलेलं नाही याची खात्री झाली की मग पहिला घोट. माझ्या बायकोनं त्यांना पहिल्यांदा चहा दिला तेव्हा तिला वाटलं, आपल्या हातून काही चुकलं. दुसऱ्यांदा तिला राग आला. तिसऱ्यांदा तिनं सरळ विचारलं, "काय जी, मी विष घालीन असं वाटते का तुम्हाला?"

"तुमी नाई घालनार, बाई," ते शांतपणे म्हणाले. "पन दुधवाल्याचं काय सांगता येते?"

वस्तीत त्यांना काटाबाबू म्हणत. त्यांचं खरं नाव वीजबिलावर होतं, पण ते बिलच त्यांना मान्य नसल्यामुळं त्या नावाचा फारसा उपयोग होत नसे. एका कोळसा खाणीच्या काट्यावर त्यांनी उभी नोकरी काढली होती. काटा म्हणजे ट्रक तोलायचा, जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची. दोन्हींतला फरक तो कोळसा. ऐकायला सोपं आहे. पण रिकामी गाडी जितकी जड दाखवावी तितका कोळसा फुकटात बाहेर जातो, हे ज्ञान काही ड्रायव्हरांना पुस्तक न उघडता झालेलं असतं. त्यामुळं रिकाम्या म्हणवणाऱ्या गाडीत केबिनमध्ये पाच माणसं, सीटखाली दगड आणि मागं पाण्यानं भरलेला ड्रम असा संसार असायचा. काटाबाबू सगळा संसार खाली उतरवत. नव्या ट्रकची पूजा करून आलेल्या एका मालकाला त्यांनी बॉनेटवर बांधलेले पाच नारळही सोडायला लावले होते म्हणे.

"भरेल गाडी सगळेच पाह्यतात, सर," ते मला सांगत. "नजर रिकाम्या गाडीवर ठेवाव लागते."

आणि दुसरं एक वाक्य होतं, ते दिवसातून एकदा तरी यायचं. "एक तोल म्हनजे अर्धा तोल." भाजीवाला, वर्तमानपत्र, डॉक्टर, हवामानखातं, सगळ्यांना हे एकच वाक्य पुरायचं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पाच मिनिटं मागं आहे हे त्यांनी सत्कार चालू असतानाच निदर्शनास आणून दिलं. त्यानंतर घरात मासेही आले, ते मात्र सत्कारातले नव्हते. बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं नेण्याचा त्रास नको म्हणून मागं सोडलेली काचेची टाकी त्यांनी घरी आणली. आत दोन मासे होते. साहेब म्हणाला होता, जोडी आहे. काटाबाबूंनी ऐकून घेतलं आणि ते तपासायला बसले. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो तेव्हा टाक्या चौदा झाल्या होत्या आणि तपास चालूच होता.

बैठकीच्या खोलीत माणसांना बसायला एक लोखंडी खुर्ची आणि एक स्टूल, बाकी सगळं पाणी. प्रत्येक टाकीवर एक चिठ्ठी चिकटवलेली. 'नर?' किंवा 'मादी?' असं पेन्सिलीनं, प्रश्नचिन्हासकट. संशय पुरता फिटला की तेच अक्षर पेनानं गिरवायचं आणि प्रश्नचिन्ह खोडायचं. चौदा टाक्यांत पेनाच्या चिठ्ठ्या चारच होत्या. मे महिन्यात, आमचं गाव देशभरच्या बातम्यांत तापमानापुरतं झळकतं तेव्हा, त्यांच्या फ्रिजमध्ये माणसाच्या खाण्याचं काही नसे. पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या असत. दर दोन तासांनी एकेक बाटली एकेका टाकीत तरंगत सोडायची आणि वितळलेली परत फ्रिजमध्ये. स्वतः काटाबाबू माठातलं पाणी पीत, तेही हुंगून.

लोक त्यांच्याकडं लांबून येत. गडचांदूरहून, गडचिरोलीहून, प्लास्टिकच्या पिशवीत मासे घेऊन. प्रश्न एकच, यातला नर कोणता. काटाबाबूंच्या पद्धती मला पुढं पाठ झाल्या. गप्पी सोपा: नर लहान आणि भडक, मादी मोठी आणि राखाडी. पण रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. "रंग त पुढाऱ्यालेबी असते," ते म्हणत आणि पोटाखालचा मागचा पर बघत. नराचा काडीसारखा, मादीचा पंख्यासारखा. गुरामीच्या पाठीवरचा पर टोकदार असेल तर नर, गोलसर असेल तर मादी. फायटरच्या मादीला पोटाखाली मिठाच्या खड्याएवढा पांढरा ठिपका. गोल्डफिशच्या नराला हंगामात गालावर बारीक पांढऱ्या पुळ्या येतात. दुकानदार त्याला रोग म्हणतात आणि वर औषधाची बाटली विकतात. अशा दुकानदारांची काटाबाबूंकडं यादी होती. ती मात्र पेनानं लिहिलेली होती.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. संशय घेणं हा माझाही धंदाच आहे, फक्त मी तो पुस्तकांवर घेतो. ज्या माणसाला कशाचीच खात्री नाही त्याच्याकडं लोक खात्री करून घ्यायला येतात, यात काहीतरी लबाडी असणार असं मला पहिल्यापासून वाटत होतं. त्यांनी आम्हालाही वर एक टाकी दिली होती, एक गुरामी घालून. त्याला त्यांनी पेनानं 'नर' लिहून दिलं होतं. (ही टाकी भाडेकरूकडं रोज यायला निमित्त म्हणून दिली असावी असा मला संशय होता. त्याबाबत मी चुकलो नाही.) एका रविवारी मी तो गुरामी पिशवीत भरला, अर्धा तास बाहेर फिरवून आणला आणि त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, नागपूरहून एका मित्रानं आणलाय, नर की मादी?

त्यांनी पिशवी उजेडाकडं धरली. फिरवली. पाच मिनिटं गेली.

"नर हाय," ते म्हणाले. मग आणखी थोडा वेळ बघून, "आन माझाच हाय. याच्या उजव्या मिशीचं टोक तुटेल हाय."

मी पिशवी परत घ्यायला हात पुढं केला.

"मले तोलून राह्यले काय, सर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट पहिल्यांदाच थोडं कौतुक होतं. "तोला. पन दोनदा तोला."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो तिच्याकडं येतो. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बायकोच्या तपासण्या नागपूरला चालल्या होत्या. तिची एक निळी फाईल होती आणि ती जाड होत होती. डॉक्टरीणबाईंनी माझीही तपासणी लिहून दिली होती, एकदा नव्हे, दोनदा. पण कधी पेपर तपासायचे होते, कधी कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती, कधी निवडणुकीचं काम होतं. भीती वाटते म्हणण्यापेक्षा वेळ नाही म्हणणं सुशिक्षित दिसतं.

आई चामोर्शीला असते. दर रविवारी तिचा फोन यायचा. "डागदरीन काय म्हनते? पोरीत काय खोट हाय?" मी म्हणायचो, तपासण्या सुरू आहेत. हे वाक्य खरं होतं आणि अप्रामाणिक होतं. बायको समोर बसून ऐकायची. एकदाच ती म्हणाली, "आईंना खरं सांगा ना."

"काय खरं?"

"की अर्धंच माहीत आहे."

मी विषय बदलला. त्या कामात मी वाकबगार आहे.

नागपूरहून येणारी पाकिटं कुरिअरवाला खालीच देऊन जाई. काटाबाबू ती वर आणून देत. ती उघडून वाचत असणार, असा मला दाट संशय होता. चिकटवलेली कड मी दर वेळी तपासत असे. एके दिवशी पाकीट देऊन ते जिन्यातच थांबले.

"सर, सात पाकिटं झाली."

"बरं मग?"

"साती बाईच्या नावाची."

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काई नाई. रिकामी गाडी अजून काट्यावर आली नाई, येवढंच."

पाकीट उघडायची त्यांना गरजच नव्हती. वरचं नाव पुरेसं होतं. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते त्यांच्या लक्षात आलं असेल का, याबद्दल मला आजही शंका आहे.

याच सुमाराला आमच्या कॉलेजच्या प्रवेशद्वारात मत्स्यालय झालं. मत्स्यालय म्हणजे चार फुटी टाकी, वर लाल फीत, आणि शेजारी रंगवून घेतलेला फलक: 'सहजीवनाचे प्रतीक, एंजल मासा, नर व मादी.' उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. सूत्रसंचालन अर्थातच मराठीच्या माणसाकडं. प्राचार्यांना कार्यक्रमात एक तज्ज्ञ हवा होता. मी काटाबाबूंचं नाव सुचवलं. हेतू चांगला नव्हता, हे कबूल करतो.

प्राचार्य जलसंस्कृतीवर वीस मिनिटं बोलले. मग म्हणाले, "आता आपले तज्ज्ञ यातला नर कोणता आणि मादी कोणती, हे अध्यक्षमहोदयांना दाखवतील." काटाबाबू टाकीसमोर स्टूल ओढून बसले. बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अध्यक्षांच्या गळ्यातल्या हारातली फुलं कोमेजायला लागली. मी माईकवरून माशांविषयी तीन सुविचार म्हटले, त्यांतले दोन मी तिथंच रचले होते.

शेवटी काटाबाबू उठले. "सांगता येत नाई."

"म्हणजे?" प्राचार्य म्हणाले.

"एंजलचं सांगताच येत नाई, साहेब. अंडी द्याच्या टायमाले दोन-तीन दिवस पोटाखाली नळी दिसते, तवाच समजते. आज जो सांगन तो तुमाले फसवून राह्यला."

"अहो, पण दुकानदारानं लिहून दिलंय! जोडी म्हणून!"

"लिहून देनाऱ्यावरच जास्त नजर ठेवाव लागते."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. प्राचार्य हसले नाहीत. आयुष्यात मी अनेक तज्ज्ञ व्यासपीठावर पाहिले. माहीत नाही असं सांगायला स्टूलवरून उठलेला हा पहिलाच. घरी परतताना माझ्या संशयाला थोडी चीर गेली होती.

आठवड्याभरात मत्स्यालय 'देखभालीसाठी' बंद झालं आणि दोन्ही एंजल शिपायानं बादलीतून माझ्या घरी पोचवले. बायकोनं ते आमच्या टाकीत सोडले. काटाबाबूंनी टाकीच्या कोपऱ्यात कडप्प्याची एक उभी पट्टी टेकवून ठेवली, त्यावर अंडी घालतात म्हणून. चिठ्ठीवर पेन्सिलीनं नुसतंच प्रश्नचिन्ह काढलं. जाताना हळूच म्हणाले, "मले त दोन्ही मादी असन असं वाटते. पन लिहित नाई."

धानाची कापणी उरकून आई आली. सोबत तांदळाचं पोतं आणि मनात ठरवून आणलेलं एक वाक्य. पहिल्याच दिवशी जेवताना, बायको वाढत असताना, तिनं ते काढलं. "होळीपर्यंत वाट पाहीन म्या. मंग इले इच्या मायच्या घरी पोचवून दे. सोडचिठ्ठी कर. तुह्या वयाच्या पोट्ट्यांची पोरं शाळेत जाते."

बायकोच्या हातातली पळी थांबली. ती माझ्याकडं बघत होती. मी वांग्याच्या भाजीची तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडप्प्यावर अंडी होती. ओळीनं चिकटवलेली, राजगिऱ्याच्या दाण्यांएवढी, पारदर्शक. दोन्ही मासे समोर उभे राहून परांनी वारा घालत होते आणि बिचाऱ्या गुरामीला कोपऱ्यात दाबून ठेवलं होतं. मला विलक्षण आनंद झाला. मूल होण्याचा नव्हे, काटाबाबू चुकल्याचा. मी जिना उतरून त्यांना घेऊन आलो.

"अंडी!" मी म्हणालो. "म्हणजे जोडीच आहे. प्राचार्य बरोबर होते."

काटाबाबू भिंग आणि बॅटरी घेऊन स्टूलवर बसले. बायको चहा देऊन गेली, तो हुंगून पिऊन झाला, कप परत गेला. तासाभरानं ते म्हणाले, "अंडी दिसली म्हनजे मादी सिद्ध झाली, सर. नर सिद्ध झाला नाई."

"मग हा दुसरा काय करतोय? तोही वारा घालतोय की."

"तिनंबी अंडी घातली. दोघीची नळी पाहा. जाड, बोथट. नराची बारीक अन् टोकदार असते. नर नसला त कधी कधी दोन माद्या मिळूनच घर मांडते."

"कशावरून?"

"दोन दिवस थांबा."

दोन दिवस त्या दोघींनी अंड्यांची जी राखण केली तशी मी माणसांत क्वचित पाहिली आहे. एक दमली की दुसरी पुढं यायची. माझी बायको कामातून वेळ काढून टाकीसमोर उभी राहायची. आईसुद्धा खुर्ची ओढून बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी अंडी पांढरी झाली. शिजवायच्या आधीच्या साबुदाण्यासारखी, अपारदर्शक.

काटाबाबू नेमके तेव्हा वर आलेले, चहाचा कप हातात घेऊन स्टूलवर बसलेले. आईनं टाकीत वाकून पाहिलं.

"हे मादीच वांझ दिसते," ती म्हणाली. हे म्हणताना ती माशाकडं बघत नव्हती, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होती. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो बंद झाला.

काटाबाबूंनी नाकाशी नेत असलेला कप खाली ठेवला.

"वांझ नाई, माय. तिनं तिचं काम केलं. आता तिच्यासंगच्यालेबी पाहाव लागते."

"मासोळीची गोठ हाय, बाबू," आई म्हणाली. "तुमी काऊन तापून राह्यले?"

"मंग मानसाची सांगतो. माझीच सांगतो." ते आईकडं न बघता टाकीकडं बघून बोलत होते. "मी तुमच्याच तिकडचा. चामोर्शीच्या पलीकडचा. लगन झालं, पाच वर्सं पोट्टं नाई. मायनं म्हनलं, हे वांझ हाय, सोड. चार मानसं बसवली, सोडचिठ्ठी झाली. बाकीच्यायनं अंगठे लावले. मी सही केली. शिकेल होतो ना."

टाकीतली हवेची मोटर तेवढी घरघरत होती.

"मंग दुसरी केली. तिलेबी नाई झालं. आन त्या पहिलीनं पाट लावला, त तिले तीन पोट्टे झाले. एकामांगं एक." त्यांनी बॅटरी बंद केली. "माय, दोन येगयेगळ्या गाड्या काट्यावर आल्या, अन् दोन्हीची खोट सारखीच दिसली, त खोट गाडीत नसते. काटा खराब असते. सारी जिंदगी काट्यावर बसलो, मले हे समजाले बारा वर्सं लागले."

"आन दुसरी?" आईनं विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"तिले माहीत होतं. मरेपर्यंत एक शब्द बोलली नाई. बोलली असती त बरं झालं असतं."

माझ्या शर्टच्या खिशाला पेन होता. काटाबाबूंनी तो न विचारता काढला, टाकीवरच्या चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि लिहिलं: 'दोन्ही मादी.' पेन परत खिशाला लावला. लावताना माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्या नजरेत पाकिटं होती, सातही. मग ते खाली गेले. त्यांचा चहा तसाच राहिला, न हुंगलेला.

आई माफी मागणाऱ्यांतली नाही. पण त्या दुपारी तिनं सुनेला उठू दिलं नाही, सगळी भांडी स्वतः घासली, आणि संध्याकाळच्या गाडीनं जायला निघाली. बसस्थानकावर खिडकीतून मला म्हणाली, "तू कवा जाशीन?"

"कुठं?"

"तोलाले."

मी गेलो. त्या तपासणीचं वर्णन मराठी साहित्यात माझ्या पाहण्यात नाही आणि त्याची सुरुवात माझ्यापासून व्हावी अशी माझी इच्छा नाही. चार दिवसांनी काटाबाबूंनी जिन्यात पाकीट दिलं. "आठवं," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. मी ते त्यांच्यासमोरच उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, वजनाची पावती वाचावी तसा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सगळे आकडे बोट ठेवून पाहिले. आता ते काहीतरी शहाणपणाचं बोलणार, असा मला संशय आला आणि मी मान ताठ केली.

"दुसरीकडं तोलले का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग हे पेन्सिलीचं समजा. एक तोल म्हनजे अर्धा तोल."

त्या माणसाचा संशय मला आयुष्यात फक्त त्या एकाच दिवशी हवाहवासा वाटला. पंधरा दिवस तो मला पुरला. मग नागपूरच्याच दुसऱ्या लॅबचा कागद आला. आकडे तेच होते.

बायकोनं दोन्ही कागद वाचले, घडी घातली आणि निळ्या फाईलमध्ये तिच्या सात कागदांच्या शेजारी लावले. ती रडली नाही, रागावलीही नाही. "आईंना तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी फोन लावून देते. बोलणार नाही."

फोन स्पीकरवर होता. मी तीस-तीस पानांची व्याख्यानं न अडखळता दिली आहेत. हे चार शब्दांचं वाक्य दोनदा अडलं. "आई, खोट माझ्यात आहे."

पलीकडं बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "जेवला का?"

"हो."

"सुनेले दे फोन."

बायको फोन घेऊन गच्चीवर गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. दोघींनाही विचारून पाहिलं, दोघींनीही विषय बदलला. नंतर माझे उपचार सुरू झाले आणि होळी आली तशी गेली. सोडचिठ्ठीचा शब्द पुन्हा त्या घरात निघाला नाही.

होळीनंतर आई आली ती वर न येता आधी खालीच थांबली. मी आवाज ऐकून उतरलो तर ती चौदा टाक्यांच्या मधोमध लोखंडी खुर्चीत बसलेली, काटाबाबू स्टूलवर, आणि माझी बायको दोघांना चहा देत होती.

"भेटली," आई म्हणाली.

"कोन?" काटाबाबूंनी विचारलं.

"तुमची पहिली."

काटाबाबूंचा हात कपासकट थांबला. "मी त गाव सांगतलं नोहतं."

"चामोर्शीच्या बाजारात दोन बायांले इचारलं त कोनाचंबी घर सापडते. म्या गेली तिच्या घरी. लहान पोट्ट्याचं लगन जमलं हाय तिच्या." आईनं पदर सावरला. "म्या तिले सांगतलं, काटाबाबू चार लोकांत बोलले, खोट माही होती म्हने."

"मंग?"

"म्हने, मले माईत हाय. मोठं पोट्टं पोटात होतं, तवाच समजलं."

काटाबाबूंनी कपाळावर आठ्या घातल्या. तो चेहरा मी ओळखत होतो. पिशवीतला मासा उजेडाकडं धरताना तो तसाच व्हायचा.

"तीच होती काय?" ते म्हणाले. "तिकडं सोडचिठ्ठीवाल्या लय हायत. दुसरीच कोनी असन."

"मले वाटलंच तुमी असं म्हनान," आई म्हणाली. "तिलेबी वाटलं. म्हनून तिनं एक इचाराले सांगतलं हाय. म्हने, तो अजूनबी चाय हुंगूनच पेते का?"

काटाबाबू हातातल्या कपाकडं बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला, नाकाशी नेला, आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ तिथंच धरून ठेवला. चेहरा कपाआड होता. चहाची वाफ चष्म्यावर चढली होती.

"तीच हाय," ते म्हणाले.